कॅनीचा वारो आणि कळंबोलीचे आबा

माझ्या जिभेला हाड नाही, हे आई मला सहावीपासून सांगतेय. त्या शुक्रवारी ते मला पटलं.

एम.ए.चा प्रबंध दुपारी चारपर्यंत द्यायचा होता. नाही दिला तर वर्ष गेलं. विषय कॅनीची लढाई. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हॅनिबलनं रोमची अख्खी फौज एका दिवसात कापून काढली, ती. रोमचे सेनापती दोन, पाउलस आणि वारो. पाउलस तिथंच पडला, वारो जीव घेऊन निसटला. माझं शेवटचं प्रकरण एका वाक्यावर उभं होतं : पराभवाला वारोचा उतावळेपणा जबाबदार. खाली ऐटीत दहा संदर्भ.

आदल्या दिवशी माझ्या गाईड क्षिप्रा मॅडमनी त्या दहांवर पेन्सिलनं एकच रेघ मारली. "ज्ञानेश्वरी, हे दहा नाहीत, एक आहे. सगळे एकाच ग्रीक इतिहासकाराचं ऐकून बोलतायत. आणि तो खरा कशावरून? याचं उत्तर आण, मग सही."

सकाळी कामोठ्याच्या घरात मी जमिनीवर कागद पसरून बसले होते. आबा डबा भरायची वाट बघत चहा पीत होते. आबा म्हणजे माझे वडील, जोतीराम. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी, टोळीचे मुकादम. शिक्षण सातवी, गाव साताऱ्याकडचं, बोलणं मोजकं. क्रेननं पत्र्याची कॉईल, म्हणजे कित्येक टनांची गुंडाळी, उचलली की खाली उभं राहून हातानं इशारे द्यायचे, हे त्यांचं काम. मूठ म्हणजे थांब, तळवा खाली केला की सोड.

अकरा वर्षांपूर्वी अशीच एक कॉईल सुटली आणि टोळीतला नामदेव गेला. मालकाच्या कारकुनानं अहवाल लिहिला : जोतीरामनं चुकीचा इशारा दिला. आमच्या सोसायटीत, माझ्या शाळेत तेवढंच पोचलं. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. आबा त्यावर कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. मी फक्त फॉर्मवर वडिलांच्या कामाच्या जागी 'नोकरी' एवढंच लिहायला शिकले.

"कसलं येवढं टेन्शन हाय?" आबांनी विचारलं. मी वैतागूनच सांगितलं.

"मग ह्यो लिवणारा लढाईत हुता का?"

"नाही हो. जन्मलापण नव्हता."

"ऱ्हायचा कुठं? जेवायचा कुणाकडं?"

मी हसणार होते, पण आठवलं. तो रोममध्ये ओलीस होता, आणि त्याला आसरा दिला होता पाउलसच्याच घराण्यानं. पाउलसच्या नातवाला तो शिकवायचा. तसं मी आबांना सांगितलं.

"बग. खाल्ल्या मिठाला जागला. मेलेला घरचा, जगलेला परका. ठपका कुणावर जाणार?"

दोन वर्षं मी पुस्तकं चाळली आणि हे मला सुचलं नव्हतं. बरोबर होतं म्हणूनच माझं डोकं फिरलं.

"तुमी वारोची बाजू घेणारच, आबा. तुमच्या इशाऱ्यानंपण माणूस मेलाय."

आई कणीक मळायची थांबली. अरे देवा, हे मी काय बोलले! आबांनी कप खाली ठेवला, अर्धवट भरलेल्या डब्याचं झाकण लावलं, चपला घातल्या. दारातून म्हणाले, "कागदावर काय हाय ते सोड. पुढं त्याला कुणी काम दिलं का न्हाई, ते शोध. बाजारात आमी माणूस असाच वळखतो."

ते गेले. घड्याळ पळत होतं. मी शोधायला लागले. वारोला मनसोक्त शिव्या घालणारा एक रोमन इतिहासकार, तोही खूप नंतरचा. त्याच्याच ग्रंथात सापडलं : हरून परत आलेल्या वारोला भेटायला रोमचे लोक गर्दीनं बाहेर आले, त्याचे आभार मानले. आणि पुढं कितीतरी वर्षं त्याच्या हाती फौज देत राहिले. निंदकच हे कबूल करतोय म्हटल्यावर ते पक्कं. तीन पानं खरडली, छापून घेतली, कॉलेजला जायला रिक्षात बसले. अडीच वाजले होते.

कळंबोली आली तशी मी रिक्षा बाजाराकडं वळवायला सांगितली. मला त्या शब्दांचं ओझं घेऊन पुढं जाववेना.

यार्डात कॉईल हवेत होती. तिच्याखाली एक माणूस हात घालून लाकडी ठोकळे बसवत होता. वर बघतच नव्हता. त्याची नजर आबांच्या मुठीवर. तो बाजूला झाला, आबांनी तळवा खाली केला, कॉईल अलगद टेकली. तेव्हा मी त्याला ओळखलं. सयाजीकाका. मेलेल्या नामदेवचे सख्खे भाऊ.

"काका, तुमी आबांच्या टोळीत?"

"अकरा वरसं. दादाचं तेरावं झालं आन् मीच ह्या टोळीत काम मागून घेतलं."

"पण अहवालात तर…"

"अहवाल! लिवणारा हापिसात पंख्याखाली बसला हुता. तुझ्या बापाची मूठ वर हुती, मी ह्या डोळ्यांनी बघितली. क्रेनची वायर कुजकी, ती तुटली. तू कधी इचारलं न्हाईस व्हय?"

मला इतकी लाज वाटली की रडूही येईना. आबांपुढं जाऊन उभी राहिले. "चुकलं माझं, आबा. त्या दिवशी काय झालं ते मला तुमच्याकडून ऐकायचंय."

"आदी तुझं चार वाजायचं बग. पळ."

मॅडमनी तीन पानं उभ्या-उभ्याच वाचली. चारला दहा कमी असताना सही झाली.

मी तशीच परत यार्डात आले. टोळी चहाला बसली होती. आबांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, आवाज न चढवता. मी प्रबंधाच्याच वहीत उतरवून घेत होते. संपल्यावर त्यांनी वहीकडं बोट केलं.

"एवढ्यावर इस्वास ठिवू नको. मी माझीच बाजू सांगणार. सयाजी माझ्या मर्जीतला. त्या दिशी क्रेनवर गोटीराम हुता, जुईनगरला ऱ्हातो. आमचं भांडण हाय, माझं तोंड बघत न्हाई. त्याला इचार."

मी गोटीरामकाकांचा पत्ता लिहून घेतला.