डावा कौल

मी आणि बायकोने मिळून शेवटचं काय केलं? कोकमाचे रातांबे फोडले. अंगणात समोरासमोर बसून — ती फोडायची, मी बिया काढायचो. तिचे हात मनगटापर्यंत लाल. एवढं मी सगळ्यांना सांगतो. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नातीलाही नाही. चौथी शिकलेला माणूस, वेडंवाकडं लिहीन. पण खोटं नाही. खोटं बोलून झालंय.

नात म्हणजे सायली. मुलाची मुलगी, आमच्याकडेच वाढली. गेल्या वर्षी बारावी, आणि वर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची परीक्षा. मोबाईलवर सराव पेपर सोडवायची. दोनशेपैकी एकशेवीस. पुन्हा एकशेवीस. महिनाभर मान वर न करता अभ्यास केला — एकशे अठरा! पेपर सुरू झाला की हात गार पडायचे, येणारं गणितही सोडून द्यायची. मी म्हणायचो, डोकंच तेवढं. बायको म्हणायची, "डोक्या बरा आसा तिचा. धीर नाय."

म्हणून तिने मला ग्रामदेवीच्या देवळात कौल लावायला पाठवलं. गुरव पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सायली हसली, "आजी, देवी गणिताचो पेपर तपासता काय गो?"

"तपासणा नाय. पण तुझ्या बाजूक बसतली."

मी देवळात गेलोच नाही. तळेऱ्याच्या तिठ्यावर बसलो, दोन चहा प्यायलो. घरी येऊन सांगितलं — डावा पडला.

का? पोर पास झाली तर पुण्याला जाणार, घरात आम्ही दोन म्हातारी उरणार. मला ते नको होतं. दुसरं कारण शोधून पाहिलं, नाही सापडलं.

परीक्षेहून आली तेव्हा सायली एवढंच म्हणाली, "आजा, पयल्याच गणिताक अडलंय. ती डावी कळीच दिसत होती." निकाल सरावापेक्षाही खाली. वर्ष गेलं. आणि देवी रागावली म्हणून बायकोने वर्षभर मंगळवार उपाशी काढले. माझ्यासमोर. मला वाढायची, मी जेवायचो.

यंदा परत परीक्षा. आठ दिवसांवर आलेली, मार्क तिथेच अडकलेले. रातांबे फोडता फोडता ही म्हणाली, "अवो, फाल्या सकाळी मीच जातंय देवळात. गुरवाक इचारतंय, तेव्हा डावो कसो पडलो तो."

मी म्हटलं, "गुरवाक काय याद आसतली?"

"त्येका सगळ्यांची गाऱ्हाणी पाठ आसत. तुमच्यासारखो इसराळू नाय तो."

हसली. मीही हसलो. आणि मनात म्हटलं — उद्या उजाडूच नये. असं कुणी म्हणतं का?

सकाळी ती उठली नाही. हात लावून पाहिला — थंड. पन्नास वर्षांचा संसार. आणि मला रडू नाही आलं. आधी काय आलं मनात, सांगू? सुटलो. हाच शब्द. हा माझाच का? — अजून दचकतो मी. घास हातात राहतो.

दाराशी तिची पिशवी भरलेली होती. नारळ, उदबत्ती, ओल्या फडक्यात अबोलीच्या कळ्या. सायली आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती, पुटपुटणं ऐकू येत होतं. आता लोक येणार. कुणीतरी विचारणार, ही कुठे निघाली होती?

पिशवी उचलली. नारळ पडवीतल्या नारळांत ठेवला. उदबत्ती देव्हाऱ्यात. कळ्या परसात नेऊन माडाच्या आळ्यात पुरल्या. पिशवी झटकून खुंटीला लावली. हात धुतले.

मग सायलीला हाक मारली.