ढोबळे साहेबांसाठी अडुळसा

माझ्या शहाणपणाची ख्याती तुमच्या कानावर आलीच असेल. नसेल आली तर मीच सांगतो, कारण ती पसरवणारा मी एकटाच आहे. पण चहाला बसलोच आहोत, तर एकदा त्या ख्यातीचं भर सकाळी, फाटकाजवळ, हात जोडून मी कसं वाटोळं केलं तेही ऐका. हसायचं तर हसा. माझी हरकत कोण विचारतंय?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याहून नागपुरात सरकारी नोकरीला आलो होतो. लग्न नवं, नोकरी नवी, धरमपेठेतलं भाड्याचं घर जुनं. नोकरीत अजून कायम व्हायचं होतं आणि ते सगळं आमच्या ढोबळे साहेबांच्या हातात. ते खूश झाले तर कायम, आणि फारच खूश झाले तर गोपनीय शाखेतलं टेबल! त्या टेबलाला स्वतंत्र खोली, कुलपाचं कपाट आणि बरोबर डोक्यावर पंखा. नागपूरच्या मे महिन्यात पंख्यासाठी माणूस काय काय करतो, हे ज्यानं तो मे काढलाय त्यालाच कळेल.

साहेबांना खोकला होता. खोकला म्हणजे काय विचारता! ते खाली जिन्याशी पोचले की वरच्या मजल्यावर आम्ही फायली उघडायचो. मी ताडलं, कायम व्हायचं तर ह्या घशातूनच जावं लागणार.

"साहेब, अडुळसा घ्या," मी म्हणालो. "ताज्या पानांचा काढा. मी स्वतः झाड लावतो तुमच्यासाठी."

"तुमाले झाडातलं समजते?"

"म्हणजे काय साहेब! आमच्या साताऱ्याच्या परसात अडुळसाच अडुळसा!"

हे खरं होतं. फक्त त्या परसात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पानं आत्या तोडायची, काढा आत्या करायची आणि माझं नाक दाबून तो पाजायचीही आत्याच. अडुळशाची आणि माझी ओळख घशाखालची. आत्याचं एक वाक्य मात्र पाठ होतं, की अडुळशाला बकरीसुद्धा तोंड लावत नाही.

एवढ्या प्रचंड ज्ञानावर मी कामाला लागलो.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसच्या कामासाठी कन्हानला गेलो. नदीकाठी पाहतो तर काय, पुरुषभर उंचीची हिरवीगार झुडपं! शेजारी बकऱ्या चरत होत्या. वाळकं गवत खात होत्या, कुणाचं तरी फाटकं धोतर खात होत्या, पण त्या हिरव्या पाल्याकडे एकही ढुंकून बघेना. झालं! आणखी काय पुरावा हवा?

राखणीला बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, ह्याच्या दोन काड्या नेऊ का?"

त्यानं मला टोपीपासून बुटापर्यंत पाहून घेतलं. "दोन काहून? गाडीभर न्या ना बाप्पा!"

काय ही विदर्भाची दिलदारी! मी गहिवरलो. झाडाचं नाव विचारायची गरजच वाटली नाही. विचारायला आधी आपल्याला माहीत नसावं लागतं ना!

सहा काड्या आणून फाटकाच्या दोन्ही बाजूंना लावल्या. शेणखत घातलं, पेंड घातली. नळाला जेमतेम तासभर पाणी यायचं, त्यातली अर्धी बादली माझी आणि दोन बादल्या अडुळशाच्या. ऊन तापलं तशी खिडकीची वाळ्याची ताटी काढून झाडांवर सावली धरली. आमची कुमुद, म्हणजे बायको, घरात ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायची.

"अहो," ती एकदा म्हणाली, "अडुळशाची पानं लांबट असतात ना? ही तर बदामासारखी आहेत."

"ती साताऱ्याची," मी म्हणालो. "हवामानानं फरक पडतो."

बघा, उत्तर कसं तयार!

झाडं मात्र अशी माजली की विचारू नका. माझ्या हाताला गुण आहे अशी माझी खात्रीच पटली. ऑफिसात रोज साहेबांना वाढीचा अहवाल द्यायचो. साहेब खोकत खोकत मान हलवायचे.

एका सकाळी मी उघडाच, नुसती लुंगी लावून झाडांना पाणी घालत होतो. भिंतीपलीकडे शेजारच्या रामटेके काकू उभ्या होत्या. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "काय भाऊ, बेशरमासारखं बेशरम, अन् त्याले पानी टाकून राहिले?"

मी चरकलो. बादली टाकून आत पळालो. "कुमुद, काकू मला बेशरम म्हणाल्या!"

"बरोबरच आहे त्यांचं," कुमुद म्हणाली. "बायामाणसांसमोर असं उघडंबंब उभं राहतात का?"

दुसऱ्या दिवसापासून मी पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायात मोजे घालून झाडांना पाणी घालू लागलो. त्या उन्हाळ्यात! काकू येऊन बघून जायच्या, कपाळाला हात लावायच्या आणि पुन्हा तेच म्हणायच्या. मी मनात म्हणालो, ह्या बाईला माझा कोणता अवयव खटकतोय?

तेवढ्यात मेहुणीचं लग्न निघालं, साताऱ्याला. रजेचा अर्ज केला. "कामं पडली हायेत," म्हणून साहेबांनी तो परत पाठवला. आता बायकोच्या सख्ख्या बहिणीचं लग्न चुकवून संसार कसा करायचा, ते तुम्हीच सांगा! मी ओळखीच्या डॉक्टरांकडून कावीळ मिळवली. म्हणजे कागदावर. आठ दिवस मी नागपुरात अंथरुणावर होतो आणि साताऱ्यात पंगतीला होतो.

परतलो तर झाडं आठ दिवस पाण्यावाचून आणखी हिरवी झाली होती. माझ्यावाचून त्यांचं काही अडलं नाही, ह्याचा खरं सांगायचं तर मला रागच आला. दारात ट्रंक ठेवतोय, तोच काकू फाटकाबाहेर दूधवाल्याला सांगताना ऐकू आल्या, "आठ दिवस झाले गा! तरी बेशरम कसा टवटवीत हाये!"

माझ्या हातातली ट्रंक निसटली. आठ दिवस! टवटवीत! म्हणजे बाईला कावीळ कळली होती. आणि दूधवाल्याला कळली म्हणजे अख्ख्या धरमपेठेला कळली. तो ढोबळे साहेबांकडेही दूध घालत असला तर? मी दोन दिवस हळद लावून ऑफिसात जावं का, असाही विचार केला. कुमुदनं हळदीचा डबा लपवला म्हणून वाचलो.

आणि त्याच रविवारी सकाळी फाटकाशी स्कूटर थांबली. ढोबळे साहेब! मी धावत पायरीवर आलो. साहेब उतरले, फाटकाला हात लावला आणि तिथंच थबकले.

"बेशरम!" साहेब ओरडले.

म्हणजे दूधवाला तिथंही पोचला होता!

"असा बेशरम म्या जिंदगीत नाई पायला! कवापासून चालू हाये हे?"

"साहेब… आठच दिवस."

"आठ दिवसांत एवढं?"

"लग्न दोनच दिवसांचं होतं साहेब, पण जाऊन येऊन…"

"लगन? कोनाचं लगन?"

"मेहुणीचं!" मी हात जोडले. "मला कावीळ झालीच नव्हती साहेब! सर्टिफिकेट ओळखीचं आहे. पंगतीत मी सतरा जिलब्या खाल्ल्या. मस्टरवर उशिराची वेळ मीच खोडतो. आणि कँटीनमध्ये तुमच्या खोकल्याची नक्कल करतात ना, ती… ती पण मीच करतो, साहेब!"

एकदा धरण फुटल्यावर मी कुठला थांबतो?

भिंतीवरून काकू बघत होत्या. दारात कुमुद तोंडावर पदर धरून उभी होती. मग साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्या झाडाले म्हनून राहिलो होतो."

"झाडाला?"

"बेशरम नाव हाये त्याचं. नाल्यात होते, नदीत होते. तोडून फेका, पडन तिथं उगते. पानी नसलं तरी मरत नाई. म्हनून बेशरम."

"म्या तं कवापासून सांगून राहिली!" काकू भिंतीवरून म्हणाल्या. "हे भाऊ ऐकतच नाईत, नुसते कपडे बदलवतात!"

"ते जाऊ द्या," साहेब म्हणाले. "मी अडुळशाची पानं न्याले आलो. अडुळसा कुठं हाये?"

मी बोट उचललं आणि त्याच झाडाकडे दाखवलं.

साहेबांचे डोळे मोठे झाले. "ह्याचा काढा पाजनार होते मले? जहर असते ते! जनावर तोंड लावत नाई त्याले!"

"म्हणूनच तर आणलं, साहेब," मी म्हणालो.

आत्याच्या बकरीचं सगळं गणित साहेबांना समजावून सांगितलं, तशी ते हसायला लागले. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसू. कुमुदनं पाणी आणलं, काकूंनी भिंतीवरून गुळाचा खडा दिला. साहेब पायरीवरच बसले. मी शेजारी उभा, मेल्याहून मेल्यासारखा. आता नोकरी गेली, साताऱ्याला तोंड कसं दाखवायचं, एवढंच डोक्यात.

"कायमच्या कागदावर म्या कालच सही केली," डोळे पुसत साहेब म्हणाले. "आता खोडत नाई. रजेचं मात्र लेखी द्या, काय शिक्षा व्हायची ती होईन. माफीही मागा. अन् आजच्या आज हे उपटा."

मला रडूच आलं. खरंच आलं, खोटं कशाला सांगू! जीव भांड्यात पडला आणि जीव भांड्यात पडला की माझा शहाणपणा लगेच बाहेर येतो.

"आणि साहेब, ते गोपनीय शाखेचं टेबल?"

"ते नाई भेटत."

"का साहेब? मी तर सगळं खरं सांगितलं!"

साहेबांनी स्कूटरला किक मारली.

"म्हनूनच! म्या झाडाले एक शब्द बोललो, तं तुमी सतरा जिलब्यांपर्यंत सारं वकले. उद्या तुमच्या टेबलापाशी कोनी नुसतं खोकललं, तं सरकारच्या फायली वाचून दाखवसान!"