डाळ कोणी चाखायची

"बाई, आता ही डाळ मुलांना कशी वाढायची?"

सुलभाबाईंनी हे मोठ्यानं विचारलं. सगळी शाळा पंगतीत बसली होती, समोर रिकाम्या थाळ्या. मी मोठ्या पातेल्याचं झाकण काढलं, डावानं थोडी डाळ वाटीत घेतली आणि चाखली. एवढंच. उष्टं काही झालं नव्हतं. खुपत होता तो माझा हात.

"का? खारट आहे का?" मी विचारलं.

"मी काय म्हणते ते तुम्हाला समजतंय."

समजत होतं. चौथीतल्या मुलींनाही समजलं. त्या माझ्याकडे बघेनात.

मी या शाळेची मुख्याध्यापिका. बडोद्यातली मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा, पट दरवर्षी घसरतोय. माझे वडील रेल्वेत गँगमन, जळगावकडून इथे आलेले. सुलभाबाई शाळेतल्या सगळ्यांत जुन्या शिक्षिका. त्यांचे पणजोबा संस्थानात कामाला होते, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी चहा पाजला आणि विचारलं, "तुमचं कुलदैवत कोणतं हो?" सरळ जात विचारायची लाज वाटते, म्हणून देवाला मधे घालतात. मी म्हटलं, "आमच्यात कुलदैवत नाही. आम्ही बौद्ध."

"असं का. छान," त्या म्हणाल्या.

दुपारचं जेवण बाहेरून टेम्पोनं येतं. मुलांना वाढण्याआधी मी ते चाखायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. मुलांच्या पोटात काही वाईट जाऊ नये म्हणून. मी आले तशी चाखायची वाटी थेट माझ्या टेबलावर येऊ लागली. वाढणाऱ्या कोकिळाबेन आणून ठेवायच्या. "मोठ्या बाई, तुम्ही कशाला उन्हात येता," सुलभाबाई म्हणायच्या. मला तो मान वाटला. आवडलाही. एरवी मुख्याध्यापिकेच्या वाट्याला काय येतं? टाकीत पाणी नाही, संडासाची कडी तुटली, ऑनलाइन हजेरी भरा, भरली तरी परत भरा. त्यात कुणी हातात वाटी आणून देतंय म्हटल्यावर बरं वाटायचं.

मग एका दुपारी पहिलीतली पोरं उलट्या करायला लागली. डाळ आंबली होती. आणि मी तर ती चाखून चांगली आहे म्हणून सांगितलं होतं. माझ्या वाटीतली चांगलीच होती. मी कोकिळाबेनना गाठलं. त्या इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या,

"बेन, तमारी वाटकी टीचरना डब्बामांथी काढता. मोटा तपेलामांथी नहीं. सुलभाबेने ना पाडेली."

शिक्षकांसाठी वेगळा छोटा डबा येतो, त्यातून माझी वाटी भरायची, मोठ्या पातेल्यातून नाही, असं सुलभाबाईंनी बजावलं होतं. माझ्या वाटीला लागलेला डाव परत मुलांच्या पातेल्यात जायला नको, म्हणून. सुलभाबाई स्वतः घरचा डबा खातात, त्यांना त्या छोट्या डब्याशी देणंघेणं नव्हतं.

पोरं संध्याकाळपर्यंत सावरली. मी नाही सावरले. गोत्री भागातल्या माझ्या घरी गॅसपाशी उभी होते, स्वयंपाक सुचेना. अपमान मी आजवर पुष्कळ गिळले. लहानपणी शाळेत मला वरून पाणी ओतायचे, तेही गिळलं. हाही गिळला असता. पण यांच्या शिवताशिवतीपायी लेकरांच्या पोटात नासकं गेलं. संताप संताप झाला माझा.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी उठून पातेल्यापाशी गेले आणि झाकण काढलं. तेव्हाच सुलभाबाईंनी तो प्रश्न विचारला.

त्यांनी खूण केली तशा दोन मुली पंगतीतून उठल्या. कोकिळाबेन डाव धरून थिजल्या. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः वाढू लागले. घाईत डाळ थाळीबाहेर सांडत होती. बहुतेकांनी खाल्लं. काही थाळ्या तशाच राहिल्या आणि त्या कुणाच्या ते मला दिसलं.

सुट्टी व्हायच्या आत शाळा समितीचे अध्यक्ष आले. किराणावाले, माणूस वाईट नाही. "बेन, तमे खोटा नथी," ते म्हणाले. "पण निशाळ तो चलाववी पडे ने? चाखवानुं काम सुलभाबेनने आपी दो." चूक तुमची नाही, पण शाळा चालवायची तर चाखायचं काम सुलभाबाईंना देऊन टाका, असं त्यांचं म्हणणं.

"मी जात मानत नाही हो," सुलभाबाई म्हणाल्या. "पालक मानतात. त्यांनी मुलं काढली तर पट जाईल, शाळा गुजराती शाळेत मर्ज होईल. आणि नाव तुमचं होईल."

हे मात्र वर्मी लागलं. धमकी खोटी नव्हती. इथल्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या मराठी माणसांची पोरं इथे मराठी वाचायला शिकतात. शाळा गेली तर तेही जाईल. मला खुर्चीत बसवेना. व्हरांड्यात गेले, परत आले, पुन्हा गेले. पहिलीच्या वर्गातून पाढ्यांचा गलका येत होता. या पोरांना मी गप्प बसून काय शिकवणार होते?

आत येऊन मी म्हटलं, "ठीक आहे. लिहून द्या. मुख्याध्यापिकेनं डाळ चाखायची नाही, कारण ती बौद्ध आहे. खाली दोघांनी सही करा."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. सुलभाबाईंनी पर्स उचलली. कुणी काही लिहिलं नाही.

त्या दिवसापासून पातेल्यातून मीच चाखते, पंगतीसमोर, सगळ्यांच्या देखत. त्या दोन मुली अजून घरचा डबा खातात. एक बाप मुलाचा दाखला मागून गेला. मला धास्ती आहे, झोप नीट लागत नाही, हे खोटं कशाला सांगू. पट घसरला तर मी पार शहराच्या दुसऱ्या टोकाला हरणीपर्यंत दारोदार फिरून मुलं आणीन. बदली मागणार नाही. चाखायचं काम कुणाला देणार नाही. माझा हात लागलेली डाळ ज्याला चालत नाही, त्यानं आपलं मूल खुशाल घेऊन जावं. पण न्यायला आला की कारण माझ्या तोंडावर सांगायचं. त्याच्या मुलाच्या देखत.