इंजिन बंद, गाडी चालू

"मॅडम, या गाडीचं नाव यादीतून काढून टाका," सर म्हणाले. मी म्हटलं, थांबा जरा.

भंडारा शहर ते वरठी स्टेशन टॅक्सी चालतात. त्या किती फिरतात, कुठे थांबतात, याचा अभ्यास आमच्या ऑफिसकडे होता. प्रत्येक गाडीत जीपीएस ट्रॅकर बसवला होता. गाडी कुठे आहे आणि इंजिन चालू की बंद, एवढं सांगणारी ही डबी. आमचा डेटा पाहूनच स्टेशनच्या नव्या स्टँडवर कोणाला जागा मिळणार ते ठरणार होतं. डबीशी छेडछाड केली की गाडी बाद.

केशवभाऊची टॅक्सी मधूनमधून भलतंच दाखवायची. इंजिन बंद, तरी गाडी पुढे. तीही माणूस चालतो त्या वेगानं. थोडी सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. सरांचं म्हणणं, यानं वायर काढली, चोरून भाडी मारतो. मला काही पटेना. चोरी करणारा इतका रमतगमत कशाला जाईल? पण खुर्चीत बसून वाद घालण्यात अर्थ नव्हता. स्कूटी काढली नि वरठी गाठली.

स्टँडवर गाड्यांची लाइन लागली होती. केशवभाऊची टॅक्सी मधोमध, आत कोणीच नाही. पहिली टॅक्सी भरून निघाली, तशा पुढच्या गाड्या सुरू होऊन थोड्या सरकल्या. मग मागचे दोन ड्रायव्हर उतरले आणि केशवभाऊच्या टॅक्सीला खांदा लावून ती ढकलली. मी बघतच राहिले.

रामदासभाऊ तिथले सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांना विचारलं, केशवभाऊ कुठे आहेत?

"बायकोले डायलिसिसले घेऊन गेला, भंडाऱ्याले. गाडी नेली त नंबर जाते, म्हणून ती इथंच. तो येईपर्यंत त्याचा नंबर आम्ही सांभाळतो."

किल्ली तर आतच लटकत होती. मग सुरू करून पुढे घ्या ना, ढकलता कशाला?

"दुसऱ्याचं डिझेल जाळाचं नाही मॅडम, स्टँडचा नियम हाये. अन् आम्ही त रिकामेच बसून राहिलो."

पटलं मला, तरी आधी डबी तपासली. वायर जागच्या जागी, सील शाबूत. तिथूनच सरांना फोन लावून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं,

"मग रिपोर्टमध्ये कारण काय लिहायचं?"

"ढकलतात, असं लिहू."

सरांनी तेच लिहिलं, आणि केशवभाऊला स्टँडवर जागा मिळाली. गाडी कुठे आहे ते डबी सांगते. मालक कुठे गेला ते विचारायला आपल्यालाच जावं लागतं, एवढं मी तेव्हापासून नव्या पोरांना सांगते.

स्टँडवर मी फोन ठेवला तेव्हा लाइन पुन्हा हलली होती. रामदासभाऊ म्हणाले, "मॅडम, उभ्याच आहा त लावा हात."

त्या दिवशीच्या डेटात थोडा वेग माझाही आहे.