इस्माईलचाचांचं स्टूल

इस्माईलचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मधमाश्यांच्या पेट्या टेम्पोत चढवत होते. बियाण्याच्या कांद्याचे डेंगळे, म्हणजे फुलांचे गोंडे, फुलले होते, परागीभवनासाठी शेतकरी माश्यांची वाट बघत होता आणि पेट्यांची दारं बंद झाली होती. माश्या कोंडून ठेवून चाचांच्या मिरजगावला निघता येईना... चाचांच्या मय्यतीला मी पोचले नाही, ही खंत राहीलच. पण चाचा असते तर त्यांनीच म्हटलं असतं, आधी माश्या सोडा.

देवळाली प्रवराहून मी त्यांच्या मधमाशीपालनाच्या वर्गाला गेले, तेव्हा मधपाळ म्हणून माझी बारा वर्षं झाली होती आणि डोक्यात चांगलीच हवा गेली होती. वर्गच मुळी मुरलेल्या मधपाळांसाठी होता. तरी खरं सांगायचं तर त्या वर्षी माझ्या निम्म्या पेट्या रिकाम्या पडल्या होत्या. वर्ग संपला की उरलेल्या विकून टाकायच्या, असं मी घरी सांगूनच निघाले होते. पहिल्या दिवशी चाचांनी प्रत्येकाला एकेक बुटकं स्टूल दिलं. "आज झाकन उघडायचं न्हाई. नुसतं दारात बसायचं," म्हणाले. पायांना पराग लावून माश्या लगबगीनं आत जाताना दिसल्या, की आत पिल्लं आहेत असं समजायचं. मला राग आला. एवढ्यासाठी का इतक्या लांब आले मी?

तिसऱ्या दिवशी मला एक पेटी तपासायला दिली. अंडी नाहीत, पिल्लं नाहीत, राणी दिसेना. पेटी बिनराणीची, असा निकाल देऊन मी चाचांनी वाढवलेली एक राणी मागून घेतली आणि आत सोडली. सकाळी ती दारात मरून पडली होती. चाचा रागावले नाहीत. त्यांनी चौकट उचलून माझ्यापुढे धरली. "ताई, पोळ्याची ही मधली घरं बघा. कशी लख्ख पुसून ठेवल्यात. घर सारवून कोन ठेवतं? कुनी यायचं असलं की. आत नवी राणी हाय, म्हनून माश्यांनी दुसरीला मारलं. ती अजून अंडी घालाया लागली न्हाई. दिसली न्हाई, तर तुमी न्हाईच धरली."

"मग काल सांगितलं का नाही?"

"सांगून कळलं असतं व्हय? आमी बी असंच शिकलो."

स्वतःच्या हातानं वाढवलेली राणी त्यांनी माझ्या एका धड्यासाठी जाऊ दिली. मी पेट्या विकल्या नाहीत. आज माझं घर त्यांच्यावरच चालतं. हे चाचांना समोर बसून सांगायचं राहून गेलं...

चाचा गेल्यावर महिन्याभरानं हमीदाचाचींना भेटायला गेले. लिंबाखालच्या पेटीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "चाचांमागं तिची राणी बी गेली बगा. दुसऱ्या पेटीत मिसळून टाका." मी झाकण उघडलं. अंडी नव्हती, राणीही दिसली नाही. मिसळायला हात पुढे झाला होता, तेवढ्यात मधल्या घरांकडे लक्ष गेलं. लख्ख पुसलेली. "चाची, थोडं थांबू," एवढंच म्हटलं.

दहा-बारा दिवसांनी परत गेले. चाचांचं स्टूल लिंबाखाली तसंच होतं. त्यावर बसले. पिवळे पाय घेऊन माश्या एकामागून एक आत चालल्या होत्या. चाची म्हणाल्या, "उघडून बगा की."

म्हटलं, "बसू द्या जरा."