चिठ्ठी नसलेली बाटली

माझ्या सासूबाईंना सगळी शाळा ॲसिडबाई म्हणायची. मुलांना वाटायचं, त्यांना हे ठाऊक नाही. ठाऊक होतं, आणि आवडायचंही! एकतीस वर्षं त्या सरकारी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. परीक्षानळ्या धुवायच्या, दिव्यांत स्पिरिट भरायचं, आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची: आत काय आहे, कधी भरलं, कोणी भरलं. चिठ्ठी नसलेली बाटली त्या उघडायच्याच नाहीत, मग मुख्याध्यापक सांगोत नाहीतर आणखी कोणी. एकदा विज्ञानाच्या नव्या मास्तरांनी "अहो, पाणीच आहे" म्हणत तशी एक बाटली पुढे केली. बाईंनी ती त्यांच्यासमोरच ठेवली. "पाणी ना? मग आधी तुम्ही प्या." मास्तर काही प्यायले नाहीत.

निवृत्त झाल्या तरी सवय गेली नाही. आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवरसुद्धा चिठ्ठी आणि तारीख. मी वैतागायचे. "आई, मला मीठ ओळखता येतं हो!" "तुला येतं गं. पाहुण्यांचं काय?"

यंदा सरकारने जाहीर केलं की तिजोरीत खडखडाट आहे, सगळा पैसा पेन्शनमध्ये जातो, म्हणून लहान शाळा बंद कराव्या लागतील. मात्र शाळेच्या सगळ्या निवृत्त माणसांनी पेन्शनची पुढची वाढ 'स्वखुशीने' सोडली, तर शाळा वाचेल. तसं संमतीपत्र घरोघर आलं. माझी लेक त्याच शाळेत नववीला. शाळा बंद म्हणजे तिला दोन बस बदलून लांबच्या शाळेत जावं लागणार. बाकी सगळ्यांनी सह्या केल्या. राहिल्या फक्त आमच्या आई. शेजारणी माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

मी घरात कडाकडा भांडले. "नातीपेक्षा पैसा मोठा झाला का तुम्हाला?" असंही बोलून गेले. आता लाज वाटते, पण बोलले खरी. त्यांनी चष्मा पुसून तो कागद पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतला.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. अर्थखात्याच्या साहेबांनी भिंतीवर चित्र लावलं होतं. एक जाड खांब पेन्शनचा, शेजारी एक काडीसारखा शाळेचा. "एकच सही राहिली आहे," साहेब म्हणाले, आणि सगळा हॉल वळून आमच्याकडे बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई उठल्या. "करते की सही. फक्त इथे एक ओळ लिहा, की वाचलेला पैसा याच शाळेवर खर्च होईल. खाली तुमचं नाव, तारीख, सही."

साहेब हसले. "बाई, पैसा तिजोरीत जातो. पुढे कुठे जायचा ते वरचे ठरवतात. असं लिहून देता येत नाही."

"म्हणजे बाटलीवर चिठ्ठी नाही."

"कसली बाटली?"

मागे मुलं खिदळली. आई मात्र हसल्या नाहीत. "माझ्या पगारातून दर महिन्याला पेन्शनसाठी पैसे कापले, एकही महिना चुकला नाही. सरकारनेही आपला वाटा टाकायचा होता. तो किती वर्षं टाकला नाही, ते या चित्रात कुठे आहे? खड्डा तुम्ही पाडायचा, आणि बुजवायला आम्ही? वर पोरांना सांगायचं, की तुमची शाळा या म्हाताऱ्यांनी खाल्ली!"

साहेबांचा पारा चढला. "मग शाळा बंद होईल, आणि त्याचं खापर तुमच्या डोक्यावर फुटेल!"

"तेही लिहा. एका बाईने सही केली नाही म्हणून शाळा बंद केली. खाली करा सही."

साहेबांनी तो नाद सोडला आणि माझ्याकडे मोर्चा वळवला. "तुम्ही सून ना यांच्या? मुलगी इथेच शिकते ना? मग समजवा जरा यांना."

मी उठले. आईंकडे बघायचा धीर झाला नाही. "साहेब, त्यांनी मागितलेली ओळ लिहा, मी स्वतः त्यांच्या हातात पेन देते. आणि लिहायची नसेल, तर माझ्या लेकीला पुढे करून म्हाताऱ्या माणसांना लुबाडू नका."

मग पहिल्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. तेच ते, पाणी न प्यायलेले मास्तर. साहेबांच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी हात पुढे केला. "माझा कागद परत द्या."

त्यांच्यामागे निवृत्त कारकून आले, मग शिपाई, मग चित्रकलेच्या बाई. बघता बघता रांग दारापर्यंत गेली. साहेब आले तेव्हा त्यांची फाइल बंद होत नव्हती. जाताना तिच्यात त्यांचं स्वतःचं भाषण तेवढं उरलं होतं.

घरी जाताना मी म्हटलं, "आई, त्या दिवशी मी जे बोलले..." "चल गं," त्या म्हणाल्या, "भूक लागलीय मला."

याला आता पाच महिने झाले. लेक रोज चालत शाळेत जाते. शाळा बंद करायची तर कोणीतरी कारण लिहून त्याखाली आपली सही करायला हवी. ती करायला अजून कोणी आलेलं नाही.