आप्पांच्या तोंडाचा वास

मंडळी, सकाळचीच गोष्ट. माझे वडील, आप्पा, वय ब्याण्णव. निजामाच्या काळात जालन्यात मिशनच्या शाळेत शिकले. आज त्यांना तिथल्या कार्यक्रमाला नेलं.

केक आला. आप्पांनी आधी मागं वळून पाहिलं, मंग खाल्ला.

घराजवळ रिक्षा थांबवून चूळ भरली अन् माझ्यासमोर तोंड उघडलं.
"वास येतो का बघ."
"कशाचा?"
"मिशनात पाव खाल्ला की पोरगं बाटतं, असं आमचा बाप म्हणायचा. रोज दारातच तोंड हुंगायचा."
"मंग खाल्लाच न्हाई कधी?"
"रोज खाल्ला. येताना कडुलिंबाचा पाला चावायचो."

मी खूप हसले.

रोज संध्याकाळी मी पोरीचा मोबाईल तपासते. बिलकुल काही सापडत न्हाई.

आता सांगा, ती काय चावून येत असंल?